जांभा वाऱ्यावर, सिमेंट पाण्यावर

(सभामंडपाचा स्लॅब पडण्यापूर्वी कळसाडी येथे ग्रामस्थ व देणगीदार यांच्या सभेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



देवाच्या दारात उभे राहून सिमेंट आणि खडी ह्यांवर बोलावयाचे, हे काहींना विपरीत वाटेल. ह्या जागी कीर्तनकार शोभतो, माझ्यासारखा निवृत्त अभियंता नव्हे. परंतु समितीने मला बोलाविले तेव्हा एक प्रश्नही सोबत पाठविला होता, आणि त्या प्रश्नाचे उत्तर देणे एवढेच माझे काम आहे.

प्रश्न असा. तापीची वाळू महाग झाली, ती मिळविणेही कठीण झाले. मग टेकडीचा लाल मुरूम वाळूच्या जागी घातला तर चालणार नाही काय? कोकणात म्हणे जांभ्याचे काँक्रीट करतात, मग आपण का करू नये? ह्याला जोडूनच गावातील एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी मला बाजूला घेऊन दुसरी गोष्ट विचारली. ते म्हणाले, "साहेब, वैशाखात बायाबापड्या हंडाभर पाण्यासाठी पायपीट करतात. अशा दिवसांत स्लॅबवर चौदा दिवस पाणी ओतायचे, हे देवाला तरी आवडेल काय?"

दोन्ही प्रश्न मनापासून विचारलेले आहेत, आणि खरे सांगावयाचे तर दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा मोठा आहे. पण पहिल्याचे उत्तर नीट समजल्याशिवाय दुसऱ्याचे समजत नाही. म्हणून जांभ्यापासून आरंभ करतो. माझी बरीचशी नोकरी कोकणात गेली. त्या दगडाशी माझा जुना परिचय आहे.

आपल्या खानदेशात दगड म्हटला म्हणजे काळा दगड. लाव्हा थिजून झालेला हा खडक इतका कठीण की नंदुरबार-धुळे पट्ट्यात जमिनीच्या भेगांत थिजलेल्या त्याच्या उभ्या भिंती मैलोगणती टेकड्यांसारख्या उभ्या राहिल्या आहेत. भूगर्भशास्त्रज्ञ त्या पाहावयास दूरदुरून येतात. आपण त्यांच्यावर शेळ्या चारतो. कोकणातला जांभा मूळचा ह्याच कुळातला. त्या भागातील मुसळधार पाऊस आणि उष्ण दमट हवा ह्यांनी लक्षावधी वर्षे ह्या खडकाला कुजविले. त्यातील सिलिका पाण्याबरोबर वाहून गेली, मागे राहिले ते लोखंड आणि ॲल्युमिनियम ह्यांचे ऑक्साइड. म्हणून जांभा लाल, आणि म्हणूनच तो मधमाशीच्या पोळ्यासारखा भोकाभोकांचा. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, गोवा येथे तर तो आहेच. महाबळेश्वर-पाचगणीच्या पठारांच्या माथ्यावरही त्याचेच झाकण आहे. फ्रान्सिस बुकानन नावाच्या इंग्रज अमदानीतील वैद्याने मलबारात अंगाडीपुरमजवळ हा दगड पाहिला आणि 1807 साली छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात त्याला 'लॅटेराइट' असे नाव दिले. लॅटिन भाषेत 'लेटर' म्हणजे वीट. विटेसारखा कापता येणारा दगड, म्हणून हे नाव.

आता आपला लाल मुरूम. तो काळ्या दगडाचीच झीज आहे, पण अर्धवट झीज. जांभा म्हणजे पूर्ण झिजून पुन्हा घट्ट झालेला दगड. मुरूम म्हणजे झिजता झिजता वाटेत थांबलेला. दोघांचा रंग सारखा दिसला म्हणून गुण सारखे होत नाहीत. तेव्हा कोकणाचा दाखला येथे जसाच्या तसा लागू करता येणार नाही, हे प्रथमच सांगून ठेवतो. परंतु पाण्याच्या बाबतीत दोघांची खोड एकच आहे, आणि तेवढ्यापुरता जांभा आपल्याला पुष्कळ शिकवितो.

जांभ्याचा स्वभाव मोठा विलक्षण. जमिनीत असतो तोवर तो मऊ असतो. कुऱ्हाडीने, आता यंत्राच्या पात्याने, त्याचे चिरे कापता येतात. ते चिरे उघड्यावर रचून ठेवले, ऊन-वारा लागला, की आतील लोहाचे क्षार सुकत सुकत स्फटिकरूप होतात आणि दगड कडक होत जातो. म्हणून कोकणातील जाणता गवंडी ओला चिरा भिंतीत बसवीत नाही. तो म्हणतो, वाऱ्यावर ठेवा, पक्का होऊ द्या.

सिमेंटचा स्वभाव नेमका उलटा. सिमेंट सुकल्याने घट्ट होते असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटते, कारण चिखल सुकल्याने घट्ट होतो हे आपण जन्मापासून पाहतो. पण सिमेंट सुकत नसते. त्याचे आणि पाण्याचे रासायनिक लग्न लागते, आणि त्या लग्नातून जे नवे द्रव्य तयार होते ते वाळू आणि खडी ह्यांना धरून ठेवते. 50 किलोच्या एका पोत्याला ह्या कामासाठी सुमारे साडेअकरा लिटर पाणी कायमचे लागते, ते दगडाचा भाग होऊन जाते. त्याखेरीज सूक्ष्म पोकळ्यांत आणखी पाणी असावे लागते, नाही तर क्रिया चालत नाही. ही क्रिया एका दिवसाची नव्हे. पहिल्या आठवड्यात ती जोरात असते, अठ्ठावीस दिवसांपर्यंत बरीचशी होते, आणि पुढे महिनोन्महिने हळूहळू चालू राहते. मात्र काँक्रीटच्या आतील पोकळ्यांतील दमटपणा ऐंशी टक्क्यांच्या खाली गेला की ती जवळजवळ थांबते. राहिलेले सिमेंट तसेच कोरडे, अर्धे भिजलेले, निरुपयोगी पडून राहते. बाहेरून कोणाला कळत नाही.

म्हणजे एक द्रव्य वाऱ्यावर पक्के होणारे, दुसरे पाण्यावर पक्के होणारे. ही दोन एकाच घमेल्यात कालवली तर हुकूम कोणाचा पाळावयाचा? जांभ्याच्या काँक्रीटचा सारा प्रश्न ह्या एका वाक्यात आहे. उत्तरही सोपे आहे: हुकूम सिमेंटचा. कारण एकदा चिरा फुटून त्याची खडी किंवा भुकटी झाली की जांभा स्वतः काही धरून ठेवीत नाही. धरून ठेवण्याचे काम सिमेंट करते, आणि सिमेंटला पाणी पाहिजे.

पण जांभा एवढ्यावर गप्प बसत नाही. तो पाणी चोरतो. बांधकामाच्या चिऱ्यासाठी भारतीय मानक 3620 मध्ये जी मर्यादा घातली आहे, ती अशी की चिऱ्याने वजनाच्या 12 टक्क्यांपेक्षा अधिक पाणी शोषू नये. म्हणजे बारापर्यंत शोषले तरी तो चांगला चिरा! आपला काळा दगड एक टक्क्याच्या आसपासच शोषतो. आता हिशेब करा. एक पोते सिमेंटच्या मालात दीडशे किलो जांभ्याची खडी पडली, ती हाडाची कोरडी आहे आणि पोटभर पाणी पिणार आहे. 150 किलोचे 12 टक्के म्हणजे 18 लिटर. आणि त्या पोत्याला आपण कालविताना पाणी किती घालतो? साधारण 25 लिटर. पंचविसातले अठरा लिटर खडीच पिऊ शकते. एका तासात ती एवढे पिणार नाही, पण दिवसभरात तिची तहान सिमेंटच्या तोंडचे पाणी पळविते. मिस्त्री पाहतो की माल घट्ट झाला. तो वरून आणखी दोन बादल्या ओततो. माल सैल होतो, पडतो छान, आणि जागोजाग पोकळ राहून अशक्त होतो. कमी पाण्याने नुकसान, जास्त पाण्याने नुकसान, अशी ही अडचण.

ह्यावर उपाय आहे. जांभ्याची खडी आदल्या दिवशी भिजत टाकावी, दुसऱ्या दिवशी उपसून तिचे अंग तेवढे कोरडे होऊ द्यावे आणि मगच कालवावी. पोट भरलेले असले म्हणजे ती चोरी करीत नाही. हलक्या, सच्छिद्र खडीच्या काँक्रीटमध्ये तर अशी भिजविलेली खडी पुढे आतूनच थोडे थोडे पाणी सिमेंटला परत देते, हे जगभर मान्य झाले आहे. परंतु त्या भरवशावर वरचे पाणी तोडावे असे कोणी समजू नये. जांभ्याची भोके मोठी असतात, त्यांतले पाणी लवकर निसटते.

भुकटीची कथा आणखी वेगळी. जांभ्याच्या बारीक चुऱ्यात चिकणमाती असते. ती वाळूच्या जागी घातली तर पाण्याची मागणी वाढते, आणि खडीच्या अंगाला मातीचा पातळ लेप बसून सिमेंटची पकड सुटते. ह्याविषयी सर्वांत चिकाटीचे काम झाले ते आफ्रिकेत, नायजेरियात. कारण तेथे लाल जांभ्याची माती अमाप. अडेपेग्बा ह्यांनी 1975 साली वाळूऐवजी जांभ्याचा चुरा घातलेल्या काँक्रीटची साध्या काँक्रीटशी तुलना करून ह्या अभ्यासाला तोंड फोडले. पुढे 1982 साली बालोगुन आणि अडेपेग्बा ह्यांनी सांगितले की वजन पेलणाऱ्या कामात 1 : 1½ : 3 असे प्रमाण धरावे आणि वाळूच्या निम्म्याहून कमी भाग जांभ्याचा असावा. 2006 साली उदोएयो आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे दिसले की चाळीस टक्क्यांपर्यंत वाळू बदलली तरी चौरस मिलिमीटरला 20 न्यूटन, म्हणजे आपल्या जुन्या भाषेत चौरस सेंटीमीटरला सुमारे 200 किलो, एवढी ताकद मिळू शकते. आपल्याकडे केरळातील कोचीन विद्यापीठातही ह्या विषयावर संशोधन झाले आहे. तेव्हा 'जांभ्याचे काँक्रीट होतच नाही' असे म्हणणारा चुकतो. पण हे आकडे प्रयोगशाळेचे आहेत. तेथे घडविलेला ठोकळा चोवीस तासांनी साच्यातून काढून पाण्याच्या हौदात बुडवितात आणि अठ्ठाविसाव्या दिवशी तसाच ओला काढून फोडतात. आपल्या मंदिराचा स्लॅब कोणी हौदात बुडविणार नाही.

येथे मला कोकणात पाहिलेली एक गोष्ट सांगितली पाहिजे. एका ठेकेदाराने (नाव घेत नाही) जांभ्याची भुकटी आणि थोडे सिमेंट ह्यांचे ठोकळे पाडून एका कुंपणभिंतीसाठी पुरविले. ठोकळे साच्यातून निघाले की त्याची माणसे ते उन्हात मांडीत. विचारले तर उत्तर मिळे, "जांभा आहे साहेब, वाऱ्यावर पक्का होतो." दगडाला लावावयाचा नियम त्यांनी सिमेंटला लावला होता. आणि गंमत अशी की ठोकळे खरोखरच कडक लागत. एकावर एक आपटले तर ठण्ण वाजत. भिंत उभी राहिली, सर्वांनी वाहवा केली. मृगाच्या पहिल्या पंधरा दिवसांत खालच्या दोन थरांचे कोपरे बोटाने उकरता येऊ लागले.

असे का झाले? कारण मातीमिश्रित ठोकळ्याची कोरडी ताकद फसवी असते. वाळलेली चिकणमातीसुद्धा दगडासारखी कडक लागते. आपले धाब्याचे घर सात-आठ महिने कसे निवांत उभे असते! खरी परीक्षा ओल्यात. सिमेंट-मातीचे चांगले मुरविलेले ठोकळेसुद्धा भिजल्यावर साधारण निम्मीच ताकद दाखवितात. मग ज्यांतले सिमेंट पाण्यावाचून अर्धवट राहिले त्यांचे काय होणार? बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत 1974 साली 'अस्त्र' नावाचे ग्रामीण तंत्रज्ञान केंद्र सुरू झाले. तेथे आणि पुढे ऑरोविलमध्ये मातीच्या ठोकळ्यांवर जे काम झाले, त्यात ठोकळे तीन-चार आठवडे झाकून ओले ठेवावेत ह्यावर फार कटाक्ष आहे. कोकणच्या त्या ठेकेदाराने माती निवडली, साचा निवडला, सिमेंटही घातले. गोणपाट आणि पाणी एवढेच वाचविले.

तरी कोकण कोकण आहे. तेथील हवाच दमट. पावसाळ्यात काम केले तर आभाळच पाणी मारते, आणि माणसाचा आळस झाकला जातो. खानदेशात असा आडोसा नाही. चैत्र-वैशाखात आपल्याकडे पारा 42-43 अंशांवर जातो, दुपारच्या हवेत ओलावा नावालाच उरतो, आणि वर सुसाट वारा. नंदुरबारच्या मिरचीच्या पथारीवर हे ऊन आणि हा वारा जे काम करतात, तेच ते ओल्या स्लॅबवर करतात. मिरचीच्या बाबतीत ती देवाची कृपा, स्लॅबच्या बाबतीत नाही. चौरस मीटरमागे ताशी एक लिटर पाणी उडू लागले की ताज्या काँक्रीटला पृष्ठभागावर तडे पडण्याचा धोका असतो, असे ह्या शास्त्रातले लोक मानतात. आणि आपल्या दुपारी ही हद्द सहज ओलांडतात.

आता ताकदीवर परिणाम किती, ते ऐका. अमेरिकेत 1951 साली प्राइस ह्या अभियंत्याने प्रसिद्ध केलेला एक आलेख आजही अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना शिकविला जातो. सारखाच माल, सारखे ठोकळे. काही सतत ओल्यात, काही पहिल्यापासून कोरड्या हवेत. कोरड्यातील ठोकळ्यांची ताकद ओल्यातल्यांच्या निम्म्याच्या आसपास राहिली. जे सात दिवस ओले राहून मग सुकले, ते पुष्कळच वर गेले. हे साध्या काँक्रीटचे. जेथे खडी किंवा चुरा स्वतःच पाणी पितो, तेथे फरक कमी होण्याचे कारण नाही.

देणगीदार मंडळींनी ह्याकडे जरा हिशेबी नजरेने पाहावे. आपण शंभर पोती सिमेंट दिले, नाव संगमरवरावर कोरले गेले, आणि स्लॅबला पाणी मिळाले नाही, तर त्यातील पन्नास पोती जणू वाऱ्यावर गेली. जाड कामात आतला गाभा इतका उपाशी राहत नाही हे खरे. मार बसतो तो वरच्या दोन-पाच सेंटीमीटरला. पण स्लॅबची जाडी मुळात बारा-तेरा सेंटीमीटर, आणि लोखंडावरचे आवरण जेमतेम दोन. म्हणजे जो थर लोखंडाला पावसापासून राखणार, तोच थर कच्चा. स्लॅब काही लगेच पडत नाही. दहा-पंधरा वर्षांनी सळई गंजून फुगते, खपल्या पडतात, आणि तुमचे नातू पुन्हा वर्गणी काढतात.

मग पाणी द्यावयाचे कसे? सर्वांत चांगला प्रकार आपल्या शेतकऱ्याला शिकवायला नको: वाफे. स्लॅबवर चार बोटे उंचीच्या मालाच्या कडा करून क्याऱ्या पाडाव्यात आणि त्यांत पाणी भरून ठेवावे. जोवर वर पाणी दिसते तोवर काळजी नाही. दुसरा प्रकार ओल्या गोणपाटाचा. हाही उत्तम, मात्र गोणपाट कधीही सुकता कामा नये. सुकलेले गोणपाट उलट काँक्रीटमधलेच पाणी ओढते. खांबांना आणि तुळयांच्या बाजूंना दुसरा इलाजच नाही, त्यांना गोणपाट गुंडाळून सुतळीने बांधावे. तिसरा आणि सर्वांत जास्त चालणारा प्रकार म्हणजे सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा रबरी नळीने फवारा. ह्यात मनाचे समाधान होते, काँक्रीटचे होत नाही. सकाळी आठला मारलेले पाणी दहाला उडाले, संध्याकाळी सहापर्यंत स्लॅब तव्यासारखा तापला, आणि मग त्यावर गार पाण्याचा मारा! रोज सुकणे आणि रोज भिजणे ह्याने वरचा थर बारीक तड्यांनी भरतो. रंगासारखे फासावयाचे रसायनही बाजारात मिळते; ते पाणी आत कोंडून ठेवते. जेथे वर पुन्हा गिलावा किंवा फरशी यावयाची असते तेथे ते पकड बिघडविते, म्हणून आपल्या मंडपासाठी मी ते सुचविणार नाही. वाफेवर शिजविण्याची रीत कारखान्यातील कामाची आहे.

आरंभ केव्हा करावा? पुष्कळ ठिकाणी 'उद्या सकाळी पाणी मारू' असे म्हणून मंडळी जेवायला जातात. आपल्या उन्हात ती पहिली रात्र उजाडेपर्यंत थांबू नये. शक्यतो काम पहाटे सुरू करून ऊन चढण्यापूर्वी संपवावे, वरचा हात फिरला की लगेच प्लास्टिकचा कागद अंथरावा, आणि बोटाचा ठसा उमटेनासा झाला की ओले गोणपाट. खडीचा ढीग आदल्या संध्याकाळपासून सावलीत आणि ओला असावा. किती दिवस? भारतीय मानक 456 च्या 2000 सालच्या आवृत्तीप्रमाणे साध्या सिमेंटला किमान सात दिवस. राखमिश्रित सिमेंट असेल, किंवा हवा कोरडी व उष्ण असेल, तर किमान दहा. आणि राखमिश्रितासाठी चौदा केले तर बरे. हल्ली बाजारात येणारे बरेचसे सिमेंट राखमिश्रितच असते, ते सावकाश ताकद धरते. ऊनही आपलेच. म्हणून समितीने चौदाच धरावेत.

आता त्या वडीलधाऱ्या गृहस्थांच्या प्रश्नाकडे येतो. तो मी टाळला नाही.

मंडप समजा 30 फूट बाय 20 फूट आहे. म्हणजे जवळजवळ 56 चौरस मीटर. वाफे करून दोन इंच पाणी भरले तर पहिल्या दिवशी सुमारे 2,800 लिटर लागेल, आणि रोज सेंटीमीटरभर उडाले तर पुढे रोज साडेपाचशे लिटर. चौदा दिवसांचे मिळून सुमारे दहा हजार, म्हणजे 5,000 लिटरच्या टँकरच्या दोन खेपा. टंचाईच्या गावात हे पाणी थोडे नव्हे, हे मी मान्य करतो. पण गोणपाट अंथरून, भिजवून, वर प्लास्टिक झाकले तर उडण्याचे पाणी पुष्कळ वाचते. चौरस मीटरला दिवसाला चार लिटर धरा: रोजचे सव्वादोनशे लिटर, चौदा दिवसांचे सव्वातीन हजारांच्या आत. एका टँकरातही उरेल.

आणि येथे शेतकरी मंडळींना एक सुचवितो. केळी-पपईसाठी आपल्या भागात ठिबक आहेच. त्याच्या नळ्या गोणपाटाखाली पसरा. ताशी चार लिटरचे 28 ड्रिपर, सकाळी एक तास आणि दुपारी एक तास, म्हणजे 224 लिटर. जिन्यावर हंडे वाहणे नको, दुपारी कोणी उन्हात चढणे नको. मानकाच्या पुस्तकात ही रीत मी पाहिलेली नाही, पण ओलावा टिकला की सिमेंटला तो कोठून आला हे कळत नाही. पाणी मात्र शेतविहिरीचे पिण्याजोगे गोडे असावे. मचूळ, खारे पाणी लोखंडाला लागते. ते कितीही मुबलक असले तरी नको. अशा रीतीने गावच्या पिण्याच्या टाकीतला हंडासुद्धा ह्या कामाला लागणार नाही, आणि माझ्या मते त्या गृहस्थांच्या मनातील टोचणीही राहणार नाही.

राहिला लाल मुरमाचा प्रश्न. सभामंडपाच्या स्लॅबात, तुळयांत आणि खांबांत लाल मुरूम एक घमेलेही घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. वाळू महाग आहे तर क्रशरवरची काळ्या दगडाची वाळू घ्या. धुऊन, चाळून घेतलेली अशी वाळू मानक 383 च्या 2016 च्या आवृत्तीत मान्य आहे, आणि दगड तर आपल्या दारचा. प्रदक्षिणामार्गाच्या फरशीखाली भरावाला मुरूम खुशाल वापरा, धुमसाने चोपून. आवाराच्या कमरेएवढ्या भिंतीला मुरूम-सिमेंटचे ठोकळे करावयाची हौस असेल तर त्यालाही माझी हरकत नाही, पण आधी परीक्षा. सहा ठोकळे पाडा. तीन हौदात बुडवा, तीन देवळाच्या पायरीवर उन्हात ठेवा. अठ्ठाविसाव्या दिवशी उन्हातले तीन एक रात्र पाण्यात भिजवून सहाही जवळच्या तंत्रनिकेतनात फोडून आणा, आणि दोन्ही आकडे ह्याच पारावर खडूने लिहा. मग मला पुन्हा भाषणाला बोलाविण्याचे कारण पडणार नाही.

पुष्कळजण सांगतील की जुनी देवळे कोठे पाण्याने मुरविली होती? मुरविली होती. चुन्याचा कोबा करताना बायका थाप्यांनी दिवसेंदिवस बडवीत आणि वर पाणी शिंपडीत असत. कोबा घाईने सुकू देत नसत. आणि जांभ्याची जुनी कामे टिकली ती बहुधा गिलाव्याच्या आश्रयाने. गोव्यातील बॉम जेझूचे चर्च 1605 साली पूर्ण झाले, ते जांभ्याचे. गेल्या शतकाच्या मध्यावर त्याचा बाहेरचा गिलावा काढून लाल दगड उघडा केला. दिसायला तो सुंदर, पण तेव्हापासून पाऊस त्या दगडात मुरतो आहे आणि तज्ज्ञ मंडळी चिंतेत आहेत. ओल्यात जांभा अशक्त होतो, हे तेथे मोठ्या प्रमाणावर दिसते.

शेवटी सेंट्रिंगचे सांगतो, कारण घाई तेथेच होते. गाळा साडेचार मीटरपर्यंत असेल तर स्लॅबखालचे टेकू सात दिवस, त्याहून मोठा असेल तर चौदा दिवस; तुळयांखालचे सहा मीटरपर्यंत चौदा आणि पुढे एकवीस. ही मुदत साध्या सिमेंटची आणि नीट पाणी मिळालेल्या कामाची आहे. सिमेंट राखमिश्रित असेल, तर ह्यापेक्षा थोडे अधिकच थांबावे. सेंट्रिंगवाल्याला फळ्या दुसऱ्या गावी न्यावयाच्या असतात, तो आठव्या दिवसापासून तगादा लावील. त्याचे भाडे चार दिवस जास्त द्यावे लागले तर द्यावे.

पाणी मारण्याची पाळी कोणाची, हे समितीने आजच ठरवून फळ्यावर लिहावे. चौदा दिवस, दिवसाला दोन माणसे, एक सकाळचा आणि एक रात्रीचा. रात्रीच्या माणसाने गोणपाटाखाली हात घालून पाहावयाचे, कोरडे लागले तर पंप चालू करावयाचा. तरुण मंडळाने पहिली तीन नावे मघाशीच दिली आहेत. बाकीची नावे आणि गोणपाट किती जमले ह्याचा आकडा, एवढे सभा उठण्यापूर्वी मला कळावे.